रांजणात कोंडलेले टाहो

एका राज्यात राजा कोण व्हावा हे साळुंक्या सांगत असत. घरटी एक साळुंकी. दर बारा वर्षांनी निवड येई. तेव्हा तीन सकाळी घरातली सारी माणसे साळुंकीच्या कानाशी लागत आणि आपल्या मनातले एकच नाव सांगत. मग पिंजऱ्यावर कापड घालून तिला राजधानीच्या पाखरवाड्यात पोचवीत. तिथे पाखरे सात दिवस विसावा घेत. आठव्या दिवशी पंच एकेका पिंजऱ्याला कान लावीत, पाखरू हळूच नाव सांगे, आणि ज्याचे नाव अधिक तो गादीवर बसे. अशी तिथली रीत होती, आणि रीत चांगली होती.

त्या रीतीला एक समजूत चिकटली होती. ज्या घरात खोटे बोलतात त्या घरची साळुंकी नाव चुकते, असे लोक मानीत. चुकलेली साळुंकी म्हणजे घराण्याला बट्टा. अशा घरची सोयरीक कोणी करीत नसे.

पाखरवाड्याची राखण कुमुदिनी नावाच्या मुलीकडे होती; सारे तिला कुमुद म्हणत. पंचांच्या पाठशाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखे, पण जिवाने भित्री. भांडे पडले तरी दचके. त्या वर्षी गादीसाठी दोन नावे होती. एक वसुमती, राज्यातल्या विहिरी राखणारी. दुसरा अमात्य चित्ररथ, देखणा आणि गोड बोलणारा. सातव्या दिवशी भर दुपारी कुमुदने पाहिले, की पाखरवाड्याचे मागचे दार उघडे आहे. आत एक परका माणूस हाडाची शीळ फुंकत पिंजऱ्यामागून पिंजऱ्याकडे जात होता. शीळ फुंकली की पाखरू मान वाकडी करी आणि म्हणे, चित्ररथ. परक्याच्या मागे स्वतः अमात्य चित्ररथ उभा होता. त्याने कुमुदला पाहिले. ओठांवर बोट ठेवले आणि हसला.

कुमुदने मान खाली घातली. ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही, चित्ररथाच्या मस्तकावर अभिषेक झाला त्या दिवशीही नाही.

साळुंक्या घरोघरी परतल्या. सवयीने चार दिवस तेच नाव बोलत राहिल्या. ज्या घरांनी वसुमतीचे नाव सांगितले होते, तिथे पिंजऱ्यातून आवाज आला, चित्ररथ. घरातली माणसे एकमेकांकडे बघू लागली. आपलेच पाखरू चुकले, आपल्याच घरात कोणी खोटे बोलले, असे ज्याला त्याला वाटले. शेजाऱ्याला कळू नये म्हणून पिंजऱ्यावर जाड कापड पडले. अर्ध्याहून अधिक राज्याने असे पिंजरे झाकले आणि सकाळी वाटेत भेटल्यावर एकमेकांना सांगितले, की आमच्याकडे सारे ठीक आहे हो.

मग तान्ही मुले मुकी जन्मू लागली. मूल निरोगी, डोळे टपोरे. सुईण पालथे करी, पाठीवर चापट मारी. मूल तोंड उघडी, चेहरा लाल होई, आणि आवाज निघत नसे. ती घरेही गप्प राहिली. आधीच साळुंकी चुकलेली, त्यात मूल मुके. कुणाला सांगणार?

तीन महिन्यांनी कुमुदची थोरली बहीण सारजा बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीने दोनदा चापट मारली, तिसऱ्यांदा हात आवरला आणि हात धुऊन निघून गेली. सारजा म्हणाली, "कुमुद, तिला भूक लागलीय ते मला तोंड बघूनच कळतं. मी झोपले तर कसं कळेल गं?" कुमुद उठली. ती अंगणात येऊन उभी राहिली.

कुंपणाबाहेर टिटवी बसली होती. टिटवीला अशुभ म्हणून कोणी घरी आणत नाही, त्यामुळे शीळ तिच्या कानी पडली नव्हती आणि तिची जीभ शाबूत होती.

टिटवी म्हणाली, "पाखरवाले, मी ओरडले की तुम्ही दगड मारता. आता तुमच्या घरात कोणी ओरडेना, तर तोंड का उतरलं?"

कुमुद दचकली, पण पळाली नाही. ती रडू लागली. तेव्हा टिटवीने थट्टा आवरली आणि तिला सारे सांगितले. खाडीपलीकडे उग्रनाभ नावाचा मायावी राज्य करतो. शीळ त्याची, शीळवाला त्याचा. गादीच्या बदल्यात चित्ररथाने त्याला या राज्यातल्या प्रत्येक बाळाचा पहिला टाहो लिहून दिला. टाहो काय, वाऱ्यावर विरून जातो, द्यायला काय हरकत, असे चित्ररथ म्हणाला आणि त्याने मुद्रा उठवली. उग्रनाभ ते टाहो रांजणात कोंडतो. बारा दिवस रांजणाची माती ओली असते. बाराव्या दिवशी ती भाजल्यासारखी पक्की होते, मग आतला आवाज कोणालाच परत मिळत नाही.

सारजाच्या मुलीचा तो पहिला दिवस होता. बारशापर्यंत अकरा दिवस उरले होते.

कुमुद धर्माधिकारी गार्ग्य यांच्याकडे गेली. ते वृद्ध होते आणि त्यांच्या अंगणात न्यायाचा दगडी चौथरा होता. चौथऱ्यावर गवत उगवले होते. राजाला इथे उभे करता येते का, असे तिने विचारले. गार्ग्यांनी गवताकडे पाहिले. मग म्हणाले, की येते, पण शंभर वर्षांत कोणी मागणी केली नाही, आणि मीही कोणाला आठवण करून दिली नाही. राजावर आरोप ठेवायचा तर तीन गोष्टी लागतात. ज्या साधनाने अपराध झाला ते साधन. राजाच्या मुद्रेचा लेख. आणि डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. या चौथऱ्यावर राजाने अपराध कबूल केला, तर त्याच्या मुद्रेचा लेख मोडतो.

"साक्षीदाराने आधी स्वतःचा दोष सांगायचा, मग दुसऱ्याचा," गार्ग्य म्हणाले. "तिसरी गोष्ट आजवर कोणालाच आणता आली नाही."

कुमुद निघाली. वर टिटवी, खाली कुमुद. तिसऱ्या दिवशी दोघी खाडीवर पोचल्या. काम झाल्यावर शीळवाल्याने शीळ पाण्यात टाकली होती आणि ती एका मगरीने गिळली होती. तेव्हापासून मगरीने श्वास घेतला की शीळ वाजे आणि मासे पळून जात. मगर वाळूवर पडली होती, बरगड्या वर आलेल्या. टिटवी तिच्या दातांतले किडे टिपणारी, तिची जुनी ओळख होती. तिने मगरीला जबडा उघडायला सांगितले आणि कुमुदला हात घालायला सांगितले.

कुमुदचा हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. दोनदा ती ओरडली आणि दोनदा तिने हात बाहेर काढला. टिटवी म्हणाली, "बिचारी तीन महिने उपाशी आहे आणि तरी तोंड मिटत नाही. तू निदान डोळे तरी मीट." तिसऱ्यांदा कुमुदने डोळे मिटले आणि शीळ काढली. मगरीने पहिला मासा खाल्ला, मग कुमुदला पाठीवर घेऊन खाडीपार सोडले.

सातव्या दिवशी उग्रनाभाची गुहा आली. शीळ बाहेर टिटवीपाशी ठेवून कुमुद आत गेली. दाराला कडी नव्हती, पहारा नव्हता. आत रांजणांच्या ओळी होत्या आणि प्रत्येकावर आईचे नाव होते. मधोमध मायावी बसला होता. त्याने कुमुदला बसायला आसन दिले. इतक्या आवाजांचे काय करता, असे तिने भीत भीत विचारले.

"जपून ठेवतो," उग्रनाभ म्हणाला. "ज्या राज्याला ओरडता येत नाही, ते जिंकावे लागत नाही. नुसते जाऊन बसायचे."

मग त्याने तिला गुहेचा नियम सांगितला. या दारातून एका माणसाला एकच वस्तू नेता येते. चित्ररथाच्या मुद्रेचा ताम्रपट पलीकडे खुंटीला टांगला आहे. सारजाचा रांजण तिसऱ्या ओळीत आहे. हवे ते घे, मी अडवणार नाही. तुझ्याआधी तुझ्या राज्यातली नऊ माणसे इथे आली, आपापला रांजण घेऊन गेली, आणि घरी जाऊन त्यातल्या एकानेही तोंड उघडले नाही.

कुमुद तिसऱ्या ओळीत गेली. रांजणाला हात लावला, माती ओली होती. आतून लहानसा, चिडलेला, भुकेला आवाज येत होता. तिने रांजण उचलला, कडेवर घेतला आणि दारापर्यंत गेली. खरोखर गेली. उंबऱ्याशी एका रांजणाला तिचा धक्का लागला. त्यावर नाव होते राही कुंभारणीचे, तिच्याच आळीतल्या. तिने कान लावला. माती पक्की झाली होती, आत काही नव्हते. राहीचा मुलगा अडीच महिन्यांचा होता आणि तो मुका आहे हे आळीत कोणालाच ठाऊक नव्हते.

कुमुदने सारजाचा रांजण परत जागेवर ठेवला. आतला आवाज वाढला. ती खुंटीकडे गेली, ताम्रपट काढून काखेत मारला आणि कानांवर हात दाबून बाहेर पडली. मगरीने तिला परत खाडीपार आणले.

बाराव्या दिवशी सकाळी गार्ग्यांनी चौथऱ्यावरचे गवत स्वतःच्या हाताने उपटले आणि राजाला बोलावणे धाडले. शहर लोटले. चित्ररथ पालखीतून आला. त्याने हसून विचारले, की राजाला जाब विचारणारा राज्यात कोण आहे?

गार्ग्य म्हणाले, "या दगडावर उभा असलेला माणूस राजा नसतो. खाली उतरल्यावर असेल तर असेल. पायताण काढा."

चित्ररथाने पायताण काढले. शीळ दाखवली तेव्हा तो म्हणाला, की परक्याचे हत्यार, मला काय ठाऊक. ताम्रपट दाखवला तेव्हा म्हणाला, की मुद्रा खोटी, परक्यानेच घडवली, आमच्यात फूट पाडायला. लोकांत कुजबुज झाली. काहींनी माना डोलावल्या, कारण ते ऐकायला सोपे होते. सारजा मुलीला घेऊन पुढेच बसली होती. सूर्य वर येत होता.

गार्ग्यांनी साक्षीदाराला पुकारले. कुमुद चौथऱ्याजवळ गेली. तिने दगडाला धरले.

"मी पाखरवाड्याची राखण करते, आणि पाहूनही मी गप्प बसले," ती म्हणाली. "सातव्या दिवशी दुपारी मी शीळवाला पाहिला. यांना त्याच्या मागे पाहिलं. यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला कोणी धमकावलं नाही, काही दिलं नाही. मी नुसती मान खाली घातली. तुमच्या साळुंक्या चुकल्या नव्हत्या. मला ठाऊक होतं, आणि तुम्ही पिंजरे झाकताना मी बघत होते."

तिला वाटले, आता दगड येईल. पण गर्दीत राही कुंभारीण उभी राहिली. तिने सांगितले, की आमच्या घराने वसुमतीचे नाव सांगितले होते, पाखरू दुसरेच बोलले, आणि मी पिंजऱ्यावर घोंगडी टाकली. बोलून ती खाली बसली आणि पदरात तोंड लपवले. मग एक विणकर उठला. मग घाटावरचा नावाडी. आम्हीही झाकला, आम्हीही झाकला. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. लोक घरी गेले आणि पिंजरे घेऊन आले. कापडे निघाली. तीन महिने अंधारात बसलेल्या साळुंक्यांनी डोळे मिचकावले, आणि पहिल्यांदा कानात सांगितलेले नाव मोठ्याने सांगितले. वसुमती, वसुमती. मधूनमधून चित्ररथही आले, कारण तीही घरे होती.

चित्ररथ चौथऱ्यावर बसला. "मुद्रा माझीच आहे," तो म्हणाला.

तो असे म्हणताच ताम्रपट उभा चिरला. खाडीपलीकडे ओल्या मातीचे सारे रांजण फुटले आणि टाहो वाऱ्यावरून पाखरांच्या थव्यासारखे आले. सारजाची मुलगी इतक्या जोराने रडली की राजाची पालखी उचलणारे भोई मागे सरले. सारजाने तिला गप्प केले नाही.

पक्के झालेले रांजण मात्र फुटले नाहीत. त्यांतली मुले मुकी ती मुकीच राहिली.

न्याय असा झाला. शीळ उखळात घालून कुटली. दरबारात येऊन बसलेले उग्रनाभाचे दूत सीमेपार घालवले. पाखरवाड्याची किल्ली कुमुदकडून काढून घेतली. ती तिने स्वतःच पुढे केली. साळुंकीने यापुढे नाव उघड्यावर, घरच्या माणसांसमोर सांगावे असे ठरले. वसुमती गादीवर बसली. चित्ररथाला गादीवरून उतरवले आणि बारा वर्षे वेशीजवळच्या ओट्यावर बसण्याची शिक्षा दिली. जो कोणी येईल आणि जे काही विचारील, त्याला खरे उत्तर द्यायचे. चौथऱ्याची जादू अशी, की शिक्षेत बसलेल्याला खोटे बोलता येत नसे.

पहिले काही दिवस वेशीकडे कोणी फिरकले नाही. लोक लांबच्या वाटेने जात. एका सकाळी राही मुलाला खांद्यावर घेऊन आली. कुमुद तिथेच पाण्याला आली होती. राही चित्ररथासमोर बसली.

"त्या दिवसांत झोप लागायची का?" तिने विचारले.

"लागायची," चित्ररथ म्हणाला. "चांगली लागायची."

राही वळली. तिने कुमुदकडे पाहिले आणि पाहतच राहिली. कुमुद शिक्षेत नव्हती. तिला खोटे बोलता आले असते.

"मलाही लागायची, राही," कुमुद म्हणाली.

राहीने मान हलवली, मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि घराकडे चालू लागली. राज्य मार्गी लागले, पाखरे बोलती झाली, आणि ज्यांनी हे सांगितले त्यांनी ते मान खाली घालूनच सांगितले.