बिघडायची वाट

ग्रंथपाल विमलताई शेजवलकर वाचनालयात येईल त्या बाईच्या हातात प्रेमकादंबरी ठेवायच्या. नवे अध्यक्ष अप्पासाहेब खर्डेकर मात्र फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत. भर सभेत ते म्हणाले, "ही प्रेमाची पुस्तकं रद्दीत घाला. ती वाचून बायका बिघडतात. ऐतिहासिक वाचलं की माणूस शूर होतो."

विमलताई उठल्या.

"अप्पासाहेब, मी तरुणपणापासून हीच पुस्तकं वाचतेय. बिघडायची वाट बघता बघता केस पांढरे झाले, गुडघे गेले, पण मला पळवून न्यायला कुणी फिरकलं नाही. तुमचं वाचनही दांडगं आहे. आजवर किती किल्ले घेतलेत?"

सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या पहिल्या रांगेतल्या अप्पासाहेबांच्या पत्नी. पुस्तकं कपाटातच राहिली.