पाकोळीला मारलेली हाक

माडबंदर नावाचं एक चिमुकलं कोळ्यांचं गाव होतं. लाल-हिरव्या होड्या, दोरीवर वाळणारे चंदेरी बोंबील, आणि दारोदारी जाळी विणणारी माणसं. गावाची एक रीत होती. किनाऱ्यावरून दर्यात हाक मारायची ती होडीच्या नावानं, माणसाच्या नावानं कधीच नाही. का, ते पोरांना कुणी सांगत नसे. विचारलं की टपली मिळे.

तिथे छोटी चांगुणा राहायची. आई नव्हती, घरात गरिबी होती, आणि बाबाच तिचं सगळं काही. एके दिवशी दर्यावर दुधासारखं धुकं उतरलं आणि बाबांची ‘पाकोळी’ होडी परतलीच नाही. होडीत जोमाकाका आणि हाशादादाही होते.

दुपार झाली तरी धुकं हलेना. गावातली कुत्रीसुद्धा गप्प होती. बाबांची भाकरी फडक्यात बांधून चांगुणा केवड्याच्या बनाशी वाट पाहत बसली.

तेवढ्यात बनातून एक इवलीशी मुलगी आली, ओलीचिंब. वाळूत तिची पावलं उमटत नव्हती. चांगुणा फार घाबरली. पण मुलगी भुकेली दिसत होती, म्हणून तिनं भाकरी पुढे केली.

शेवटचा घास संपला आणि मुलीला झिलमिल पंख फुटले, शिंपल्याच्या आतल्या रंगाचे. ती परी होती.

“धुक्याकडे बघून एकच नाव घे,” परी हळूच म्हणाली. “ज्याचं घेशील तो येईल. दुसरं घेतलंस तर कुणीच येणार नाही.”

“आणि होडीचं घेतलं तर?”

“होडी येईल. आत कोण असेल, ते मला ठाऊक नाही.”

बाबांचं नाव चांगुणाच्या अगदी ओठांवर आलं. पण जोमाकाकांची तान्ही तानी तिला आठवली, हाशादादाची आंधळी आई आठवली. ती रडली. मग डोळे पुसून तिनं रीतीप्रमाणे हाक मारली, “पाकोळी, ये गो!”

धुकं दुभंगलं. होडी आली, पण वल्ह्यांवर कुणीच नव्हतं. चांगुणा पाण्याच्या कडेपर्यंत धावली. आणि होडीच्या तळातून तीन डोकी वर आली, कानांवर हात दाबलेली.

बाबांनी तिला उचललं. “धुक्यात कोनतरी आमाला नावानं हाका मारीत व्हतं, पोरी. पार तुझ्या आवाजात. ओ दिली असती तर पान्यात उतरलो असतो. मंग होडीचं नाव ऐकलं, तवा कळलं, ही आपली चांगू.”

परी हसली. सोनेरी उजेड झाला आणि त्यात ती विरून गेली. मागे फडकं उरलं, त्यात तीन गरम भाकऱ्या होत्या.

सगळे घराकडे वळले. तेव्हा मागून, दूर पाण्यावरून, बाबांच्याच आवाजात कुणीतरी गोड हाक मारली, “चांगुणाऽऽ…”

चांगुणानं बाबांचं बोट घट्ट धरलं आणि ओ दिली नाही.