उघड्या टाक्याची फुले

हिवरतळ गावात शिरताना डाव्या हाताला कमरेएवढा एक काळा दगड उभा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या लढाईला या गावातून एकोणचाळीस माणसे गेली आणि त्यांतली अकरा कामी आली, असे सरकारने त्यावर कोरून दिले आहे. बाहेरून आलेले लोक दगडाचे फोटो काढतात आणि पुढे निघतात. पण सुभेदार नाना शेलार पारावर बसलेले असले, तर इतक्या स्वस्तात सुटका होत नाही. नाना आधी गणित घालतात. एकोणचाळीसांतून अकरा वजा केले, राहिले किती? अठ्ठावीस, असे पाहुणे घाईघाईने सांगतात. "आले सत्तावीस," नाना म्हणतात, आणि सरकून बसायला जागा करून देतात.

फाल्गुनात, माळावरच्या काटेसावरी फुलतात तेव्हा, जत्रेच्या आदल्या दिवशी याच दगडापाशी बायका घोंगडी अंथरून बसतात. घोंगडीवर लाल सुताची, क्रोशाने विणलेली फुले मांडलेली असतात. फुलाच्या शेवटच्या टाक्यातून दोरा ओढून घेतलेला नसतो. तो टाका तसाच उघडा ठेवून त्यात बाभळीचा काटा खोचलेला असतो. काटा निघाला आणि दोऱ्याला हिसका बसला, तर सगळे फूल उसवून हातात नुसते सूत उरेल. शहरातून आलेली एखादी बाई हमखास म्हणते, "मावशी, हे अर्धवट राहिलंय." त्यावर उत्तर ठरलेले असते, "राहिलं न्हाई, ठिवलंय. तुमचं जे मानूस गेलं आसंल त्याचं नाव घ्या, काटा काढा आनि दोरा टाक्यातनं ओढून गाठ बसवा." मग ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने डब्यात टाकायचे.

ही रीत ठकूबाईने पाडली, असे सांगतात. पाडली म्हणण्यापेक्षा तिच्याकडून ती पडली, असे नाना म्हणतात. त्यांना हे सारे त्यांच्या आजीने, सगुणाबाईने, सांगितलेले.

ठकूबाईचा नवरा केरू जाधव भरतीला उभा राहिला तेव्हा लग्नाला दोन वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते, सासूसासरे आधीच गेलेले. शेजारच्या घरचा, सगुणाचा नवराही त्याच दिवशी गेला. दोघी एकाच पाणवठ्यावर पाणी भरायच्या, एकीचे सरपण दुसरीच्या चुलीत जायचे. लढाई बसऱ्याकडे आहे म्हणे, एवढेच गावाला कळले होते. बसरा कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मग कागद यायला लागले. टपालवाला वेशीत दिसला की बायका दाराआड जायच्या. अकरा घरांत कागद आले, त्यात सगुणाच्या घरीही आला. लढाई संपली, सत्तावीस जण परत आले. ठकूबाईच्या घरी ना कागद आला, ना केरू. परत आलेल्यांना तिने एकेक करून विचारले. एक म्हणाला, नदीच्या काठापर्यंत होता. दुसरा म्हणाला, छे, त्याच्या आधीच दिसेनासा झाला. तिसऱ्याने तर खाली मान घातली ती वर केलीच नाही.

तालुक्याच्या कचेरीत विचारायचे, असे कोणीतरी सांगितले. बारा कोसांची वाट. ती दर अमावास्येनंतर भाकरी बांधून निघायची, संध्याकाळपर्यंत पोहोचायची आणि सकाळी कचेरी उघडली की खिडकीशी उभी राहायची. कारकून वाईट नव्हता म्हणे. तो दर वेळी उठून दप्तर बघायचा आणि दर वेळी तेच सांगायचा, कागद आलेला नाही.

"सायेब, हाय म्हना, न्हाई तर न्हाई म्हना," ती एकदा म्हणाली. "मधी लोंबकळत नका ठिवू."

"कागदाशिवाय मी कसं म्हणू, बाई?" तो म्हणाला. त्याचेही खरेच होते.

मुक्कामाला जागा नव्हती. कचेरीच्या पायरीवर पडायची, तर शिपाई हाकलायचा. तिथून जवळच मिशनचा दवाखाना होता. तिथली रूथबाई नावाची परिचारिका तिला व्हरांड्यात झोपू द्यायची. ही बाई नुसती भिंतीकडे बघत बसते, हे पाहून रूथबाईने तिच्या हातात क्रोशाची सुई दिली. आकड्याने दोरा ओढायचा, फासातून फास काढायचा. ठकूबाईचा हात चांगला होता. चार फेऱ्यांत ती साखळी घालायला शिकली आणि पुढच्या अमावास्येला तिने गोल टोपी विणून दाखवली.

विलायतेकडे लढाईत गेलेल्यांसाठी लाल फुले करून विकतात आणि मागे राहिलेल्यांना त्या पैशाने आधार देतात, हे तिला रूथबाईनेच सांगितले. फूल कसले, तर खसखशीचे. आता हिवरतळात खसखस फक्त अनारशावर पाहिलेली. तिला फूल येते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. रूथबाईनेही ते पाहिलेले नव्हते. लाल असते आणि रानात उगवते, एवढे तिने सांगितले. ठकूबाईने मनाशी ठरवून टाकले, लाल आणि रानातले म्हणजे सावरीचेच असणार. म्हणून आपल्या फुलाला जाडजूड पाच पाकळ्या आल्या. एका मोठ्या साहेबाने पुढे केव्हातरी ही चूक दाखवून दिली. बायकांनी ऐकून घेतले आणि विणणे चालू ठेवले.

तोवर गावात ठकूबाईचे मोठे अवघड झाले होते. संक्रांतीला ती हळदीकुंकवाला गेली, तेव्हा एका बाईने आपले ताट हळूच पलीकडे सरकवले. ती घरी आली आणि पदराने कपाळ पुसले. मग बांगड्या फोडायला हात उंबऱ्यावर ठेवला, आणि तो आपटायला उचलेना. कपाळ मोकळे आणि हातात हिरवा चुडा, अशी ती त्या दिवसापासून राहिली. सवाष्णी तिचे कपाळ बघायच्या आणि बाजूला व्हायच्या. विधवा तिचा चुडा बघायच्या आणि पाठ फिरवायच्या. सगुणाही पाण्याला वेगळ्या वेळी जायला लागली. तिच्या मनात काही वाईट नव्हते. आपल्या नवऱ्याचे सुतक संपलेले आणि हिचे सुरूच झालेले नाही, मग हिच्याशी बोलावे तरी काय, हेच तिला सुचत नसे.

ठकूबाई घरात मोठ्याने बोलायची म्हणे. भाकरी थापताना, झाडताना, नुसतीच. आपला आवाज आपल्याच कानावर पडावा म्हणून. कधी कधी आठ आठ दिवस तिच्या दारात माणूस फिरकत नसे.

बारा वर्षे झाली तेव्हा भाऊबंद आले. इतकी वर्षे माणूस आला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकायची, ही जुनी चाल आहे. पुतळा जाळला की सगळे सुरळीत होईल, तुलाही कुठेतरी बसता येईल, असे त्यांनी समजावले. ती दारातच उभी राहिली.

"कागद आल्याबिगर न्हाई," ती म्हणाली.

भाऊबंद चिडून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

त्याच वर्षी तिने वाईच्या रंगाऱ्याकडून लाल सूत आणले. अकरा कामी आलेल्यांची अकरा फुले करायची, जत्रेत मांडायची, आणि जे मिळेल त्यातून तालुक्याला एक खोली घ्यायची. कचेरीत विचारायला येणाऱ्या बाईला पाठ टेकायला, दाराला आतून कडी असलेली एक खोली. एवढेच तिला हवे होते. ती घरोघर मदत मागायला गेली. सवाष्णी म्हणाल्या, मेलेल्याचे फूल आम्ही विणले, तर आमच्या कुंकवावर नाट लागेल. विधवा म्हणाल्या, लाल रंगाला आम्ही हात कसा लावू? दोघींच्याही बोलण्यात खोट काढता येत नव्हती. परत येताना तिच्या लक्षात आले, की हे काम करू शकेल अशी गावात एकच बाई आहे. जिला कुठेच बसता येत नाही, तिला लाल सूतही धरता येते आणि मेलेल्याचे फूलही. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, असे सगुणाबाई सांगायची. भिंतीपलीकडून तिने ऐकले होते. उठून गेले पाहिजे असे तिला वाटले आणि ती गेली नाही.

ठकूबाईने अकरा फुले विणली. बारावे केरूचे. पाच पाकळ्या झाल्या, मधला केसर झाला, शेवटचा टाका राहिला. त्यातून दोरा ओढून घेतला की फूल संपले. तिने दोरा बोटाला गुंडाळला. ओढून घेतला, तर तो गेला असे आपणच म्हटल्यासारखे. आणि उसवावे, तर इतका वेळ आपण त्याच्याचसाठी बसलो होतो, ते सगळे मोडायचे. शेवटी तिने कुंपणाच्या बाभळीचा एक काटा तोडला आणि उघड्या टाक्यात खोचला. आज नको, एवढेच ती म्हणाली.

ते आज नको पुढे अकरा वर्षे चालले. दर फाल्गुनात ती अकरा घरांसाठी अकरा नवी फुले करायची आणि जत्रेसाठी आणखी शंभरेक. एकटीच दगडापाशी बसायची. लोक फुले न्यायचे, पैसे टाकायचे, तिच्याशी दोन शब्द बोलायचे आणि निघून जायचे. खोली झाली. तिच्यात पहिली झोपली ती दुसऱ्याच कुठल्या गावची बाई होती. ठकूबाईने स्वतः तिथे फार तर चार-पाच रात्री काढल्या. पुढे बारा कोस चालवेना. कागद काही आला नाही.

एका पौषात ती तापाने गेली. दोन दिवस धूर दिसला नाही, म्हणून सगुणाबाईने दार ढकलले.

आता गावापुढे मोठा पेच पडला. नवऱ्याआधी गेलेली बाई हिरवे लुगडे नेसून, मळवट भरून, ओटी घेऊन जाते. मागे राहिलेली तशी जात नाही. ही कोणती? पुरुष अंगणात खाली बघत उभे राहिले. सवाष्णी उंबऱ्याच्या बाहेर आणि विधवा त्यांच्याही मागे. ऊन माथ्यावर आले, तरी कोणी आत पाऊल टाकेना. एका म्हाताऱ्याने सुचवले, काहीच करू नका, तशीच न्या.

तिची पेटी उघडायला सगुणाबाई आत गेली, लुगडे बघायला. पेटीत लुगड्यावर ते बारावे फूल होते. बाभळीचा काटा ताजा होता, त्या वर्षीचाच. जुना झिजला की ही नवा खोचत होती, हे सगुणाबाईला तेव्हा कळले. भिंतीपलीकडे तेवीस वर्षे आपण काय करत होतो, असे मनात येऊन तिला शरम वाटली.

ती बाहेर आली आणि समोर उभ्या असलेल्या पाटलिणीकडे तिने करंडा मागितला. पाटलीण मागे सरली.

"तुमी लावा म्हनत न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "म्या लावते. माज्या मालकाचं फूल हिनं तेवीस वर्सांत अकरा येळा इनलं, तवा हिला कुनी इचारलं न्हाई तू कोन म्हनून. आता म्याबी इचारनार न्हाई."

करंडा मिळाला. मोकळ्या कपाळाच्या बाईने दुसरीच्या मोकळ्या कपाळावर कुंकू लावले, हे हिवरतळाने त्या दिवशी पाहिले. मग कागद आलेल्या घरांतल्या उरलेल्या दहा जणी एकामागून एक आत गेल्या. ओटी त्यांनीच भरली. बारावे फूल ओटीत ठेवले, काट्यासकट. दोरा कोणी ओढला नाही. तो ज्याचा होता, त्याच्याकडे ती स्वतःच चालली होती. आणि त्या फाल्गुनात लाल सूत घेऊन अकरा विधवा दगडापाशी बसल्या. त्यांना विणता कुठे येत होते? पहिल्या वर्षीची फुले फुलांसारखी दिसतच नव्हती म्हणे. पण शेवटचा टाका उघडा ठेवायला मात्र एकही जण विसरली नाही.

नाना इथे थांबतात आणि पाहुण्यांकडे न बघता पुढचे सांगतात. आजीने आयुष्यात पुन्हा कुंकू लावले नाही, स्वतःला तर नाहीच. पण ज्या बोटाने लावले होते, ते बोट ती म्हातारपणी कधी कधी उगाच बघत बसायची.

आजही तालुक्याला ती खोली आहे, आता दोन झाल्या आहेत. आणि आजीच्या माघारी पडलेल्या रीतीप्रमाणे जत्रेच्या आदल्या दिवशी दगडापाशी येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू लावतात, आणि ते लावायचा मान विधवांचा असतो. कोणी नवऱ्याबरोबर येते, कोणी त्याचा फोटो पदराखाली घेऊन येते, कोणी अजून वाट बघत असते. घोंगडीवर सरकून जागा करून देतात. तुझा माणूस कुठे आहे, हे मात्र त्या दिवशी हिवरतळात कोणी कोणाला विचारत नाही.