काळा ठेवू की चंदेरी

"म्हणजे काळा ठेवू की चंदेरी, अण्णा? तेवढं एकदा सांगून टाका."

अण्णा शिरगुप्पे अजून दारात चपला काढत होते.

"आधी पाणी दे," ते म्हणाले.

संग्राम साळोखेनं पाणी आणलं. अण्णांचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत तो आतल्या खोलीत जाऊन परतही आला.

अण्णांची चाळीस वर्षं ध्वनिमुद्रणात गेली. कोल्हापुरात ज्याला नीट ऐकायला शिकायचं असेल, तो त्यांच्याकडे जायचा. संग्राम तीन वर्षं गेला. शिकला चांगलं, पण येताना आपल्या कानांचा गर्वही सोबत घेऊन आला. आज त्यानं भर दुपारी अण्णांची झोप मोडून त्यांना मोटरसायकलवर बसवून घरी आणलं होतं. स्वतःला धड झोप नसली की माणसाला दुसऱ्याच्या झोपेची काय किंमत?

खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्या शेजारी दोन डब्या, एक काळी आणि एक चंदेरी. दोन्ही हेडफोनचे ॲम्प्लिफायर. कॉम्प्युटरचा आवाज कानापर्यंत जोरकस आणि स्वच्छ पोचावा म्हणून मध्ये जोडायचे. याआधी चार आले आणि परत गेले होते.

"उद्या मुदत संपते," संग्राम म्हणाला. "एक परत करायलाच पाहिजे."

"दोन्ही कर की."

"मग काम कशावर करू?"

"काम सुरू आहे?"

संग्रामनं खुर्ची पुढं ओढली, मग मागं ढकलली.

काम सुरू नव्हतं. काम होतं एका जाडजूड कादंबरीचं, अंध मुलींच्या वसतिगृहासाठी. वीस तासांचं वाचन ध्वनिमुद्रित करायचं होतं. त्यासाठी त्यानं दोघांचा आवाज नमुन्याला घेतला होता. एक यशोधन, नाटकांत काम करणारा तरुण. दुसऱ्या मगदूम बाई. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. चौथीत त्या संग्रामला शिकवायला होत्या. शब्दाशब्दाला अडणाऱ्या या पोराला शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन त्यांनीच वाचतं केलं होतं.

काल संग्रामनं यशोधनला हो कळवलं आणि बाईंना नाही.

"बाईंना नाही म्हणालास?" अण्णांनी विचारलं.

"म्हणावं लागलं. आवाजात जीवच नाही, अण्णा. आधी वाटलं काळ्याचा दोष असेल, म्हणून चंदेरी मागवला. त्याच्यावरही तेच."

"मग ठरलं की. आता कशाला तळमळतोयस?"

"तेच कळंना झालंय. ठरवलं तरी सारखं वाटतंय की आपण नीट ऐकलं नाही. जेवताना तेच, आंघोळ करताना तेच. एकदा चांगला ॲम्प्लिफायर मिळाला की थांबेल हे."

अण्णा टेबलापाशी बसले. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही डब्या पाहिल्या, दोन्ही बटणं फिरवून पाहिली.

"हेडफोन घाल. खिडकीकडं तोंड कर. मागं वळायचं नाही."

संग्राम वळला. हेडफोनची वायर लांब होती.

अण्णांनी यशोधनच्या वाचनातलं एक वाक्य लावलं. मग वायर काढून पुन्हा खोचली. खट्ट असा आवाज झाला. तेच वाक्य पुन्हा लागलं.

"दुसरा," संग्राम लगेच म्हणाला.

"विचार करून सांग."

"विचार कशाला? दुसरा मोकळा आहे. शब्दांच्या कडा दिसतात. पहिल्यावर पडदा टाकल्यासारखं वाटतं."

खट्ट. पुन्हा तेच वाक्य.

"हा पहिला. पडदा."

खट्ट.

"हा दुसरा. आत्ता बघा कसा खुलला. हाच ठेवतो, अण्णा. माझे कान सांगतायत."

त्याचे खांदे दहा दिवसांत पहिल्यांदा जरा खाली आले.

"वळ," अण्णा म्हणाले.

संग्राम वळला. हेडफोनची वायर काळ्या डबीत होती. त्यानं समाधानानं मान हलवली. मग त्याचं लक्ष चंदेरी डबीकडं गेलं. तिचा दिवाच लागलेला नव्हता.

"हा... चालू केला नाही तुम्ही?"

"नाही."

"मग पहिला कुठला होता?"

"काळा."

"आणि दुसरा?"

"तोही काळा."

संग्राम हसायला गेला, पण ते जमलं नाही. अण्णांनी काळ्या डबीचं बटण चिमटीत धरलं आणि किंचित, डोळ्यांना कळेल न कळेल इतकं, उजवीकडं फिरवलं.

"एवढंच केलं," ते म्हणाले.

आवाज जरा मोठा झाला की तो चांगला वाटतो. ज्यांचे कान तयार त्यांनाही वाटतो, किंबहुना त्यांनाच जास्त, कारण त्यांच्याकडं त्यासाठी शब्द तयार असतात. म्हणून दोन आवाजांची तुलना करायची तर आधी दोघांची पातळी सारखी करायची. हा अण्णांच्या शिकवणीतला पहिल्या दिवसाचा धडा. संग्रामनं तो पुढं स्वतः चार पोरांना शिकवला होता.

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला...

"बाईंना माइकपासून किती लांब बसवलं होतंस?" अण्णांनी विचारलं.

"हातभर. जवळच बसवलं होतं, पण त्या माइकला बुजायच्या. मागं मागं सरकायच्या."

"आणि त्या पोराला?"

"तो अनुभवी आहे. वीतभर अंतरावर बसला."

"मग ऐकताना दोघांची पातळी सारखी केलीस?"

संग्रामचा चेहरा उतरला. ज्या चुकीसाठी तो पोरांना वर्गाबाहेर काढायचा, ती त्यानं स्वतःच्या बाईंच्या बाबतीत केली होती.

अण्णांनी हेडफोनची वायर काळ्या डबीतून काढली आणि थेट कॉम्प्युटरच्या साध्या भोकात खोचली. संग्राम एरवी त्या भोकाची यथेच्छ टिंगल करायचा. आज त्यानं फक्त हेडफोन कानांवर नीट बसवला.

"कर आता सारखी. मग ऐक."

त्यानं बाईंचा आवाज यशोधनच्या पातळीवर आणला. मग त्यानं डोळे मिटले.

बाई वाचत होत्या. पात्रांचे आवाज काढत नव्हत्या की रडत-हसत नव्हत्या. अवघड शब्द आला की त्याच्या आधी अगदी जरा थांबत होत्या, ऐकणाऱ्याला तयार व्हायला वेळ देत होत्या. वाक्य संपलं की पुढं पळत नव्हत्या. ऐकणारा मागं तर राहिला नाही ना, हे पाहून पुढचं पाऊल टाकत होत्या.

मग यशोधन. तोच उतारा. छान वाचत होता. फार छान वाचत होता, आणि एकटाच पुढं निघून जात होता.

संग्रामनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"अण्णा... मी मूर्ख आहे."

अण्णा चष्मा पुसत राहिले.

संग्राम उठला. खिडकीशी गेला, परत आला. फोन उचलला आणि खाली ठेवला.

"परवा सुरुवात आहे. यशोधनला हो सांगून बसलोय. त्याला काय सांगू? आणि बाईंना आता कुठल्या तोंडानं फोन करू? काल फोनवर सरळ म्हणालो, बाई, तुमच्या आवाजात जीव नाही."

"असं म्हणालास?"

"म्हणालो."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाल्या."

"एवढंच?"

"एवढंच. फार हळू म्हणाल्या. मला घाई होती, आधीची एक डबी परत न्यायला माणूस खाली येऊन थांबला होता. मी फोन ठेवून दिला."

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. दारापाशी जाऊन त्यांनी चपलांत पाय घातले.

संग्राम त्यांच्या मागोमाग आला. काहीतरी बोलायला पाहिजे होतं आणि त्याला दुसरं काही सुचेना. तो पुन्हा तेच विचारून बसला.

"अण्णा, मग... उद्या ठेवू कुठला?"

अण्णांनी वळून त्याच्याकडं पाहिलं.

"ज्यातून बाईंचं ते 'बरं' नीट ऐकू येईल, तो ठेव."