टँकरचा प्रसंग

हेमलता खरातनं आपल्याच गावच्या पाणीटंचाईवर सिनेमा काढला, आणि नगराध्यक्ष ढमाल्यांचं डोकं फिरलं.

"अहो बाई, इथे घरोघर नळ आहेत! तो टँकरचा प्रसंग धादांत खोटा आहे. कापा, नाहीतर सभागृह मिळणार नाही."

"आधी गावातल्या बायकांना दाखवू," हेमलता म्हणाली. "त्यांना खोटा वाटला, तर तिथल्या तिथे कापते. खेळाची वेळ मात्र माझी."

ढमाले तयार झाले. बायका आल्या, त्या दाराबाहेर रिकाम्या हंड्यांची रांग लावूनच. सिनेमात टँकर येतो न येतो, तोच बाहेर खऱ्या टँकरचा हॉर्न वाजला. बघता बघता सभागृह ओस पडलं.

ढमाल्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! बायकासुद्धा उठून गेल्या. खोटं कुणाला बघवतं?"

हेमलतानं सिनेमा थांबवला नाही. तिनं फक्त पडद्याशेजारचं दार सताड उघडलं. पडद्यावर हंड्यांची झोंबाझोंबी चालली होती, दाराबाहेरही तीच.

"साहेब, शब्द दिलाय. पडद्यावरचा प्रसंग मी आत्ता कापते," ती म्हणाली. "दारातला तेवढा तुम्ही कापा."