चाळीस जणांचा दोर

पूर्वी शोणवती नगरात सुतेज राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व दगड वाहून नेणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. वयात आल्यावर तो चाळीस ओढकऱ्यांचा नायक झाला. डोंगरातल्या खाणीतून शिलास्तंभ काढायचे आणि ओंडक्यांवरून ओढत नगरात आणायचे, हे त्यांचे काम.

राजाने टेकडीवर सभागृह बांधायला घेतले. त्याचा पहिलाच स्तंभ चढणीवर असताना दोर तुटला. स्तंभ घरंगळत खाली गेला आणि त्याचे तीन तुकडे झाले. एका ओढकऱ्याचा पाय कायमचा अधू झाला.

बांधकामावर कुणिंद नावाचा अमात्य नेमलेला होता. राजाला काय उत्तर द्यावे, या चिंतेने तो संतापला. त्याने सर्वांना उन्हात उभे केले.

"दोर कोणाच्या ताब्यात होते? नाव सांगा. त्याचा उजवा हात तोडतो, म्हणजे बाकीचे शुद्धीवर राहतील."

दोर तिरीट नावाच्या ओढकऱ्याच्या ताब्यात होते. त्याने ओले दोर न वाळवता गुंडाळून ठेवले होते आणि ते आतून कुजले होते. बोधिसत्त्वाला त्याने हे रडत रडत सांगितले होते.

बोधिसत्त्व पुढे झाला. "अमात्य, चूक सांगतो. दोर ओले ठेवले गेले, आणि ओढण्याआधी मी ते तपासले नाहीत. माणूस मात्र मिळणार नाही."

"मग तुझी पाठ सोलून काढीन."

"काढा."

बोधिसत्त्वाला चाळीस फटके बसले. त्याने नाव सांगितले नाही. शेवटी कुणिंद म्हणाला, "सात दिवसांत दुसरा स्तंभ वर पोचला पाहिजे. तो पडला, तर तुझे डोके उडवीन."

शंबल नावाचा ओढकरी बोधिसत्त्वाच्या पाठीला तेल लावता लावता कुरकुरला, "नायक, एका हातावर भागत होते. आता तुमचा जीव टांगणीला लागला."

"शंबला, आज तिरीटाला त्यांच्या हवाली केले असते, तर उद्या कुजका दोर दिसला तरी कोणी तोंड उघडले नसते. जो तो आपली चूक लपवत बसला असता. असल्या माणसांबरोबर मला चढणीवर जायचे नाही."

दुसऱ्या दिवसापासून काम संपले की सगळे गोलाकार बसू लागले. आज आपल्या हातून काय राहून गेले, ते प्रत्येकाने सांगायचे. पहिल्या दिवशी कोणीच बोलेना, तेव्हा बोधिसत्त्वाने स्वतःच्या तीन चुका सांगितल्या. तिसऱ्या दिवशी माणसे एकमेकांना अडवून बोलू लागली. तिरीट दोरांची वीत न् वीत हाताने चाचपू लागला. अधू झालेल्या सोबत्याची शुश्रूषाही त्याने आपणहून पत्करली. सुरुवातीला त्या सोबत्याने तोंड फिरवले. पुढे तो त्याच्या हातून जेवू लागला.

सातव्या दिवशी स्तंभ चढणीला लागला. राजा टेकडीवर येऊन उभा होता. अवघड वळणावर शंबल ओरडला, "थांबा! पाचर फुटली आहे. सकाळी मी ती तपासलीच नव्हती!"

स्तंभ मागे घसरू नये म्हणून त्याच्या खाली ही लाकडी पाचर ठोकलेली असे. सगळे जागच्या जागी दोर ताणून थांबले.

"ओढा!" कुणिंद गरजला. "महाराज पाहताहेत!"

कोणी हलले नाही. कुणिंदाने तलवार उपसून बोधिसत्त्वाच्या मानेवर टेकवली. बोधिसत्त्वाने दोर सोडला नाही.

"मारायचे तर मारा. पाचर बदलेपर्यंत हा स्तंभ बोटभरही पुढे जाणार नाही."

"नाही जाणार!" मागून सारे एकदम म्हणाले.

शंबलाने वाकून नवी पाचर ठोकली. तोवर राजा खाली आला होता. त्याने शंबलाला विचारले, "अमात्य समोर उभा असताना स्वतःची चूक सांगायला तू भ्याला नाहीस?"

"भ्यालो, महाराज. पण गप्प बसलो असतो तर माझी माणसे चिरडली असती. आणि बोललो तर ती मला तलवारीपुढे ढकलणार नाहीत, एवढे ठाऊक होते."

राजाची नजर बोधिसत्त्वाच्या पाठीवरच्या वळांवर गेली. "हे काय?"

"त्याचा न्याय मागाहून करा, महाराज. हातातला दोर जड झाला आहे." मग बोधिसत्त्व कुणिंदाकडे वळला. "अमात्य, आमचा एक माणूस अधू आहे. त्याची जागा रिकामी आहे. या, हात लावा."

कुणिंदाने राजाकडे पाहिले. राजाने मानेनेच दोराकडे खूण केली. कुणिंदाने तलवार खाली ठेवली आणि दोर धरला. स्तंभ वर गेला.

एका भिक्षूच्या चुकीने विहाराची भिंत ढासळली, म्हणून त्याला घालवून द्यायला निघालेल्या संघाला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, मागच्या जन्माची ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा तिरीट म्हणजे मान खाली घालून बसलेला हा धम्मिल. शंबल म्हणजे तुमच्यातला कोसिय. कुणिंद म्हणजे शिक्षेची घाई झालेला रेवल. सुतेज राजा म्हणजे हा विहार देणारा उपासक, आणि बाकीचे ओढकरी तुम्ही सर्व. नायक मीच होतो. भयापुढे आपला माणूस न सोडण्याचा तो निश्चय, ती माझी अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता."