सहा पानांचा वाढपी

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते, रथ होते आणि इंजिनंही होती. राजाच्या गोष्टीत इंजिन कुठून आलं, असं मधेच कुणी विचारू नका. गोष्ट मी सांगतोय, आणि मी म्हणतो होतं, म्हणजे होतं.

डोंगराच्या माथ्यावर एक नगर होतं. हवा झकास, माणसं धडधाकट, पण पाणी मात्र पार खाली दरीतल्या नदीत. दरीच्या कडेला एक मोठा रहाट होता. त्याला पोहऱ्यांची लांबच लांब माळ. रहाट फिरला की भरलेले पोहरे वर येत, आणि नगराच्या हौदात रिते होत. हा रहाट फिरवायला बैल पुरे पडत नसत, म्हणून आत्ताच्या राजाच्या आजोबांनी एक इंजिन आणवलं होतं.

त्या इंजिनाला सहा नळकांडी होती, पंगतीला बसल्यासारखी एका ओळीत. नगरात आळ्याही सहाच. सगळ्यांनी मिळून इंजिन वर ओढून आणलं, म्हणून एकेक नळकांडं एकेका आळीच्या नावाचं झालं. पहिलं वरच्या आळीचं, दुसरं देवळाच्या आळीचं, तिसरं पाराच्या, चौथं चिंचेच्या, पाचवं तळ्याच्या आणि शेवटचं वेशीच्या आळीचं. दसऱ्याला जो तो आपापल्या नळकांड्याला झेंडूची माळ घाली, आणि तीही ओळीनं, मानानं. कुणाची माळ आधी पडली तर वर्षभर बोलाचाली बंद!

आता नळकांड्याचं असं असतं, की त्याच्या पोटात इंधनाची वाफ भरते, आणि नेमक्या वेळी ठिणगी पडली की ते जोर लावतं. या सहांना ठिणग्या वाटून द्यायला इंजिनाच्या कुशीत एक गोल डबा होता. कारागीर त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणत. नगरातल्या लोकांची जीभ काही त्याला वळेना. ते म्हणत, वाढपी. नाव अगदी चपखल बसलं, कारण डब्याच्या पोटात खरोखरच एक पळी गरगर फिरे, आणि झाकणातून निघालेल्या सहा तारांमधून एकेकाला ठिणगी वाढी.

हा वाढपी आता म्हातारा झाला होता. त्याचा कणा झिजला होता, पळी लटलटत होती. ठिणगी कधी आधी पडे, कधी मागून. इंजिन खोके, थरथरे, आणि चार पोहरे वर आणून गप्प बसे. हौदातलं पाणी रोज एकेक पायरी खाली चाललं होतं.

इंजिन सांभाळायची हौसा. बाप गेल्यावर हे काम तिच्याकडं आलं. बाई हाडाची हट्टी. रोज सकाळी वाढप्याच्या पोटातल्या जळक्या पत्र्या घासायची, तेल घालायची, आणि रोज दुपारी इंजिन पुन्हा बंद पडायचं. शेवटी एक दिवस तिनं कानस आपटली. घाट उतरून गेली, आणि खालच्या कारागिराकडून नवा वाढपी घेऊन आली. त्यात घासायच्या पत्र्याच नव्हत्या. चुंबकाच्या इशाऱ्यावर ठिणगी पडायची, आणि कणा असा ताठ की सूतभर हलायचा नाही.

राजानं दरबार भरवला. वरच्या आळीचे नागोजीराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "जुनं ते सोनं. या वाढप्यानं आपल्या आज्यांना पाणी पाजलंय, हौसे."

"पाजलं ना, म्हणूनच थकला बिचारा," हौसा म्हणाली. "थकल्या जिवाला किती राबवायचं?"

राजा माणूस भला, पण सहा आळ्यांच्या मानकऱ्यांना भिऊन असायचा. तो हळूच म्हणाला, "हौसा, हौदाची तळाची पायरी उघडी पडली, की मला नगर रिकामं करावं लागेल. लेकरं तहानेनं मारायची नाहीत मला."

हौसाला घर आठवलं. तिची आई घरात होती. गुडघे गेलेले, उंबरा ओलांडायचा तर हौसाचा आणि शेजारणीचा, दोघींचा आधार लागे. डोंगर उतरणं कुठलं? आईनं आधीच सांगून टाकलं होतं, "तुम्ही जावा सगळी. मी बसते माझ्या दारात." म्हणजे काय, ते हौसाला कळत होतं. मागं राहिलेल्या माणसाला पाणी कोण देणार?

"महाराज," ती म्हणाली, "तळाची पायरी दिसायच्या आत मी पाणी चढवते. नाही चढवलं, तर नगर सोडायची दवंडी मीच माझ्या हातानं पिटेन."

बोलायला सोपं होतं हो. खरी गंमत पुढंच झाली.

नवा वाढपी बसवायच्या दिवशी सहाही मानकरी पागोटी बांधून हजर झाले. नारळ फुटला. हौसानं जुन्या वाढप्याच्या तारांभोवती तिच्या बापानं गुंडाळलेलं फडकं सोडलं, आणि तारा पहिल्यांदाच सगळ्यांच्या नजरेला पडल्या. देवळाच्या आळीचे भिवाजीनाना वाकून बघायला लागले. पळी जशी फिरायची, तशी त्यांनी एकेक तार बोटानं धरली. पहिली तार वरच्या आळीला. बरोबर. दुसरी तार... दुसरी तार देवळाच्या आळीला सोडून थेट तळ्याच्या आळीला गेली होती!

"अरे, हा तर पंक्तिप्रपंच!" नाना कडाडले. "दुसरं पान आमचं, आणि आमच्या नाकावर टिच्चून पाचव्याला वाढतो? इतकी वर्षं?"

झालं! एकच गिल्ला उठला. "अहो नाना, थांबा, हात लावू नका," हौसा ओरडली, पण ऐकतो कोण? ज्यानं त्यानं आपली तार ओढून काढली. बघता बघता सहाच्या सहा तारा लोंबकळायला लागल्या. कुठली तार कुठं होती, याची कुणी खूणही केली नव्हती. चूक हौसाचीही होतीच. तारांना कुणाचा हात लागायच्या आधी खुणा करायच्या असतात, हे तिला सुचलं नाही. आणि बापाच्या हयातीत त्या तारा काढायची वेळच आली नव्हती, त्यामुळं तिलाही क्रम ठाऊक नव्हता.

"आता ओळीनं लाव," नागोजीरावांनी फर्मावलं. "पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी. पंगतीत वाढपी मधेच उड्या मारतो का कुठं?"

राजानं मान डोलावली. हौसानं दात-ओठ खाल्ले, पण नवा वाढपी बसवून तारा ओळीनं लावल्या. चार जणांनी मिळून हँडल मारलं.

इंजिनानं असा झटका दिला की हँडल धरणारे चौघं चार दिशांना पडले. पुढच्या तोंडातून भक्कन जाळ आला आणि नागोजीरावांची अर्धी मिशी घेऊन गेला. मागच्या नळीतून बार निघाला. मग वरच्या आळीचं आणि पाराच्या आळीचं, अशी दोनच नळकांडी कशीबशी धडधडली, बाकीची फुसफुसली, आणि सगळं थंड.

"बघा, आमचं चालतंय," उरलेल्या अर्ध्या मिशीवरून हात फिरवत नागोजीराव म्हणाले. "ज्यांचं चालत नाही, त्यांनी आपापलं बघावं."

याला म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही! मानकरी भांडत भांडत घरी गेले. हौसा मात्र तिथंच राहिली. तिनं तारा अशा लावून पाहिल्या, तशा लावून पाहिल्या. एक नळकांडं राजी व्हावं, तर दुसरं रुसावं. हात काळे झाले, हँडल फिरवून खांदे भरून आले. हौदाच्या तळाच्या पायरीवर आता जेमतेम वीतभर पाणी होतं, आणि वेशीच्या आळीत लोकांनी बोचकी बांधायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली आणि पानावर नुसती बसून राहिली. आईनं विचारलं, "काय गं, अन्नावर राग का?"

हौसानं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मी तुला पाठीवर घालून उतरेन, पण इथं सोडून जाणार नाही."

"मेली रडतेस कशाला? अजून पायरी बुडालेली आहे ना?" आई खेकसली. या बाईनं गुडघे शाबूत होते तोवर नगरातल्या सगळ्या पंगतींना वाढलं होतं. "आणि तो नागोजी काय मला वाढणं शिकवतो? ओळीनं वाढायचं ते पहिल्यांदा, पानं रिकामी असतात तेव्हा. पुढं खरा वाढपी माणूस बघत नाही, पान बघतो. ज्याचा भात संपला त्याला भात. भरल्या पानावर ओतलं, तर सांडतं आणि वर शिव्या बसतात. आता जेव."

हौसाचा घास हातातच राहिला. इंजिनाची पंगत तर कधीचीच बसलेली! मग कुणाचं पान कधी रिकामं होतं, ते बघायला हवं. पण लोखंडाच्या आत बघणार कसं?

एकाएकी ती उठली. "आई, आलेच!"

"अगं जेवून तर जा!" आई म्हणेपर्यंत ती अंगणापलीकडं पोचलीसुद्धा.

तिनं राजाला सांगून सहाही मानकऱ्यांना इंजिनघरात बोलावून घेतलं. ते येईपर्यंत तिनं नळकांड्यांत ठिणगी पाडणारे सगळे प्लग काढून ठेवले होते. सहा नळकांड्यांच्या डोक्यावर सहा भोकं उघडी होती. वाढप्याचं झाकण तिनं बाजूला ठेवलं होतं, आतली पळी स्पष्ट दिसत होती.

"मला काही कळत नाही, असं समजा," ती म्हणाली. काल ती 'हात लावू नका' म्हणून त्यांच्यावर ओरडली होती, त्यामुळं मानकऱ्यांना जरा बरं वाटलं. "ज्यानं त्यानं आपल्या आळीच्या भोकावर अंगठा दाबून धरा. मी हँडल हळूहळू फिरवते. नळकांडं जोर करायला तयार झालं, की आतली हवा तुमचा अंगठा ढकलेल. ढकलला की आपल्या आळीचं नाव घ्या. बस्स, एवढंच."

सहा मोठी माणसं सहा भोकांवर अंगठे दाबून उभी राहिली. राजाला हसू आवरेना, त्यानं उपरण्याचा शेव तोंडात धरला. हौसानं हँडल फिरवलं.

फुस्स! नागोजीराव दचकून म्हणाले, "वरची आळी!" हौसानं पळी कुठं थांबली ते पाहिलं, आणि तिथं वरच्या आळीच्या नावाची खूण केली.

पुन्हा हँडल फिरलं. भिवाजीनाना अंगठा दाबून, डोळे मिटून वाट बघत होते. आता आपलीच पाळी. पण फुस्स आवाज झाला तो पलीकडं, आणि कुणीतरी ओरडलं, "तळ्याची आळी!"

मग पाराची. मग वेशीची. जन्मभर शेवटी वाढून घेणारा वेशीच्या आळीचा मानकरी इतका चकित झाला, की नाव घ्यायचंच विसरला; राजानं ते घेतलं. त्यानंतर नानांच्या अंगठ्याला असा धक्का बसला की ते मागंच सरले. "देवळाची!" ते म्हणाले, आणि जरा वेळानं हळूच म्हणाले, "हौसे, काल आमच्या नळकांड्यात तेव्हा काहीच तयार नव्हतं गं. तू ठिणगी दिलीस खरी, पण आम्हाला भूकच नव्हती."

"भरल्या पानावर ओतलं, नाना," हौसा म्हणाली.

सगळ्यात शेवटी नाव घेतलं चिंचेच्या आळीच्या म्हाताऱ्या आबांनी. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आम्ही चौथ्याचे शेवटचे झालो," ते म्हणाले. "घरी काय तोंड दाखवू?"

 हौसानं हँडल आणखी थोडं फिरवलं. फुस्स! नागोजीरावांचा अंगठा उडाला.

"आबा, बघितलंत? तुमच्यामागून लगेच पहिला आला. हे चाक आहे. यात पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं? तुम्ही आपल्या वेळेला जोर लावला नाहीत, तर वरच्या आळीपर्यंत चाक पोचायचंच नाही."

 मग नागोजीराव पुढं आले, त्यांनी वेशीच्या आळीची तार उचलली, हौसानं केलेल्या खुणेवर स्वतःच्या हातानं बसवली, आणि म्हणाले, "बाकीच्या द्या रे लवकर. हौदात पाणी राहिलं नाही."

सहा तारा बसल्या. प्लग घट्ट झाले. हँडल मारलं, आणि इंजिन धडधडलं, पण जरा अडखळत. हौसानं कान लावला, ठिणगी नेमक्या वेळी पडावी म्हणून वाढपी केसभर उलटा फिरवला, आणि सहाही नळकांडी एका सुरात बोलायला लागली. रहाट फिरला, पोहरे वर आले. तळाची पायरी उघडी पडायच्या आधीच हौदात पाण्याची धार पडली. वेशीच्या आळीत बोचकी सुटली. दारात बसलेल्या आईनं तो आवाज ऐकला आणि आत बघून शेजारणीला ओरडली, "हौसेचं पान वाढून ठेव गं, आता जेवेल ती!"

त्या वर्षी दसऱ्याला नळकांड्यांना माळा पडल्या त्या इंजिनाच्या क्रमानं. शेवटची माळ आबांची होती. ती घालून त्यांनी नागोजीरावांचा हात धरला आणि पहिल्या नळकांड्यापाशी नेला. नागोजीराव हसत म्हणाले, "चला, पुन्हा आमच्यापासून."

लहानांनो आणि मोठ्यांनो, गोष्टीचं सार एवढंच: ओळ बघून वाढलं तर मान राहतो, पण गरज बघून वाढलं तरच सगळ्यांचं चाक चालतं.